खरातांची नात वाचत नाही

दादूकाका खरातांचा आयुष्यात दोनच गोष्टींवर विश्वास होता: शिक्षणावर आणि स्वतःवर. दुसरी गोष्ट त्यांच्या बायकोला, द्रौपदीकाकूंना, कधी फारशी पटली नाही. पहिलीबद्दल मात्र कांजूरमार्गच्या त्या दोन खोल्यांत दुमत नव्हतं. मग सून नीलमने नातीला मुलुंडच्या शाळेत घातलं आणि घरातल्या शांततेची वाट लागली.

शाळेचं नाव 'अनवाणी'. डोंगराच्या पायथ्याशी जुना बंगला, पुढे चिकूची दोन झाडं आणि फाटकापाशी चपला ठेवायला लाकडी फळी. मुलांनी दिवसभर मातीत अनवाणी फिरायचं, म्हणजे म्हणे पृथ्वीशी नातं जुळतं. "माझ्या आज्याला गावात चप्पल घालायची चोरी होती," दादूकाका पहिल्याच दिवशी म्हणाले. "त्याचं पृथ्वीशी इतकं नातं जुळलं होतं, की टाचा फुटून रक्त यायचं. त्याच्याकडे कुणी फी मागितली नाही." नीलमने पोरीच्या चपला काढून फळीवर ठेवल्या.

तिथे मुलं ओल्या कागदावर रंग सोडत, लोकर विणत, नाचणीची आंबील ढवळत आणि गांडुळांवर गाणी म्हणत. बाक नव्हते, घंटा नव्हती, परीक्षा नव्हती. एवढं सगळं दादूकाकांनी गिळलं. घशात अडकलं ते एकच: सात वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलाला अक्षर दाखवायचं नाही. अक्षर लवकर दिसलं की आतला कलाकार कोमेजतो, असं शाळेच्या मुख्य, रुचिराताई, इतक्या मऊ आवाजात सांगायच्या की समोरच्याला जांभई यावी. घरीसुद्धा छापील काही मुलाच्या नजरेला पडू नये. नीलमने आणि तिच्या नवऱ्याने, सुयोगने, तसं वचन दिलं आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांवरची लेबलं खरवडून काढली. दुसऱ्या दिवशी द्रौपदीकाकूंनी पाहुण्यांना मिठाचा चहा पाजला.

आता कुणी म्हणेल, मग घातलीच कशाला तिथे? त्याला कारण होतं. श्रुतिका आधी भांडुपच्या एका इंग्रजी शाळेत जायची. तिथे मराठीत बोललं की उभं करायचे. पोरगी दोनचारदा उभी राहिली आणि मग तिने बोलणंच बंद केलं. आधी शाळेत, मग घरी. मानेने हो, मानेने नाही. डोळे मात्र हे एवढे मोठे करून बघत राहायची, जणू आतून दार लावलंय आणि किल्ली सापडत नाहीये. डॉक्टर म्हणाले, घशात काही दोष नाही. द्रौपदीकाकू रात्री उशीत तोंड खुपसून रडायच्या.

'अनवाणी'त महिना झाला असेल, एक दिवस बाथरूममधून आवाज आला. श्रुतिका बादलीवर तांब्याने ठेका धरून गांडुळाचं गाणं म्हणत होती, तेही घसा फाडून. दादूकाका बाहेर टॉवेल घेऊन उभे होते. काकूंनी विचारलं, "डोळे का लाल?" तर म्हणाले, "साबण गेला." त्यांची आंघोळ अजून व्हायची होती. त्या दिवशी त्यांनी मनातल्या मनात शाळेला अर्धी माफी देऊन टाकली.

पण उरलेली अर्धी देववत नव्हती, कारण एप्रिलमध्ये जयंती होती.

वसाहतीच्या विहारात जयंतीला एक रिवाज होता. त्या वर्षी सहा वर्षांचं झालेलं प्रत्येक पोर स्टुलावर उभं राहून सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं. रिवाज दादूकाकांनीच तरुणपणी सुरू केला होता. पहिल्या वर्षी एकाच्या पोराने उतारा पाठ करून आणला आणि पान उलटं धरून घडाघडा म्हटला. दादूकाका भडकले आणि त्यांनी नियम केला: त्याच दिवशी सकाळचा पेपर वाचायचा, तोही कुठली बातमी ते ऐनवेळी ठरवून. पाठांतराची सोयच नको. दुसरा नियम, संधी एकदाच, सहाव्या वर्षी. ही वेळ एकदा टळली की टळली.

या दुसऱ्या नियमाचा फटका नाना सोनवणेंना बसला होता. नाना म्हणजे दादूकाकांचे लंगोटीयार आणि तितकेच जुने प्रतिस्पर्धी. त्यांच्या नातीला, सुलक्षणाला, ऐन जयंतीला गालगुंड झालं. पुढच्या वर्षी ती सात वर्षांची होऊन आली, तर दादूकाकांनी तिला स्टुलावर चढूच दिलं नाही. "नियम म्हणजे नियम, नाना." नाना तेव्हापासून दादूकाकांच्या घरचा चहा प्यायले नव्हते.

आणि यंदा नानांचा नातू सहा वर्षांचा झाला होता. तो इमारतीच्या जिन्यात बसून पेपर वाचायचा, तेही मोठ्याने, तेही दादूकाका जात-येत असताना. आणि दादूकाकांची नात? तिला लोकर विणता येत होती.

"तुमचं नाक कापलं जाणार," द्रौपदीकाकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "तुम्हीच धार लावलेल्या सुरीने."

श्रुतिकाला शाळेतून आणायचं काम दादूकाकांकडे होतं. बंगल्यापासून मुलुंड स्टेशनपर्यंतचा रस्ता दोघं चालत यायचे. दुकानांच्या पाट्या मोठ्या मराठी अक्षरांत करायचा हुकूम नुकताच निघाला होता, त्यामुळे सगळा रस्ता म्हणजे बाराखडीचा तक्ताच झाला होता. घरी छापील काही दाखवायचं नाही असं वचन होतं. रस्त्याबद्दल कुणी बोललं नव्हतं. आणि शिवाय वचन सुयोगने दिलं होतं, त्याच्या बापाने नाही.

पहिला शब्द होता 'रस'. उसाच्या गुऱ्हाळापाशी थांबून दादूकाका म्हणाले, "हा र, हा स. दोन्ही मिळून काय पितो आपण?" पोरीने ओठ हलवले आणि तिचा चेहरा असा उजळला, जणू गुऱ्हाळवाल्याने मागून दिवाच लावला. मग 'वजन' आलं, 'सलून' आलं, 'वडापाव' आलं. दिवाळीपर्यंत ती 'शुद्ध तुपातील मिठाई' वाचू लागली. "हे आपलं गुपित हं," दादूकाका बजावायचे. गुपितं राखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ट्रॉम्ब्याला अणुकेंद्राच्या स्टोअरमध्ये ते नोकरीला होते, आणि तिथे काय ठेवलेलं असतं हे त्यांनी रिटायर होईपर्यंत बायकोलाही सांगितलं नाही. (हातमोजे आणि फिनेल.)

गुपित फुटलं ते फेब्रुवारीत, एका भिंतीपाशी.

शाळेची निसर्गफेरी निघाली होती. वर्गातली सगळी मुलं एकमेकांचे हात धरून मागच्या गल्लीत आली. रुचिराताई एका जुन्या भिंतीपुढे थांबल्या आणि म्हणाल्या, "मुलांनो, हे शेवाळ बघा. त्याला स्पर्श करा. ते काय सांगतंय?" तेवढ्यात एक मुलगा कोपऱ्यात जाऊन चड्डी सोडायला लागला. श्रुतिकाने भिंतीवर बोट ठेवून खणखणीत आवाजात सांगितलं, "येथे लघवी करू नये." मुलगा दचकला. "कोण म्हणतं?" "भिंत म्हणते." मुलाने चड्डी वर केली. वाचनाचा असा रोकडा फायदा त्या शाळेत पहिल्यांदाच दिसला होता.

झालं. सगळ्या वर्गाला कळलं की भिंती बोलतात आणि श्रुतिकाला त्यांची भाषा येते. डबा खायच्या सुट्टीत चिकूच्या झाडाखाली तिची शाळा भरू लागली. ती मातीत काडीने 'रस' काढायची आणि पोरं भोवती उकिडवी बसायची. एका पोराकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. वर्गात उवा झाल्यावर पसरतात तसं वाचन पसरलं. होळीपर्यंत निम्मा वर्ग बाधित होता.

मग पालकांची सभा लागली. दादूकाकांना खास बोलावणं होतं. सगळे चटयांवर गोल बसले. मध्ये नदीतला एक गुळगुळीत दगड. ज्याच्या हातात दगड त्याने बोलायचं, बाकीच्यांनी 'मनापासून' ऐकायचं.

"माझ्या मुलाने काल साबणाच्या वडीवरचं नाव वाचलं," एक आई म्हणाली आणि तिला हुंदका आला. शेजारणीने तिला जवळ घेतलं.

"आमचा तर फ्रिज वाचतो," एका बापाने दगड घेतला. "पूर्वी तो फ्रिजकडे बघून ढगांबद्दल बोलायचा. आता म्हणतो, 'दरवाजा नीट बंद करा.' त्याचं बालपण संपलं हो."

दादूकाका आळीपाळीने एकेकाचं तोंड बघत होते. इथले लोक पोराला वाचता येतं म्हणून रडतात! त्यांचा आजा सही करता येत नाही म्हणून तलाठ्यापुढे रडला होता. त्यांच्या जिभेवर एवढं काही आलं, की दगड हातात आला असता तर तो कुणाच्या तरी डोक्यात गेला असता. पण दगड फिरत आला तेव्हा त्यांना खिडकीतून अंगण दिसलं. श्रुतिका चिकूखाली उभी होती, दहा पोरांना हाताने ताल देत होती आणि सगळ्यांत वरच्या पट्टीत गात होती.

दादूकाकांनी दगड घेतला. "माझी चूक झाली," ते म्हणाले. "मी नातीला वाचायला शिकवलं. पुन्हा असं होणार नाही." पोराला देशी पाजल्याची कबुली द्यावी तसा त्यांचा आवाज आला. एका बाईंनी त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं. "इट्स ओके, काका. तुमच्या जनरेशनला अवेअरनेस नसतो."

सभा संपल्यावर रुचिराताईंनी त्यांना बाजूला घेतलं. मऊ आवाज कुठेतरी चटईखाली ठेवून आल्या होत्या. "खरं सांगू काका? मला दिवाळीपासून माहीत होतं. तिने माझ्या पिशवीवरचं कापडदुकानाचं नाव वाचलं होतं."

"मग बोलला नाहीत?"

"आली तेव्हा कशी होती आठवतंय ना? पोरगी गाते, हसते. म्हटलं, वाचते तर वाचू दे. पण बाकीची पोरं तिच्यामुळे वाचायला लागली, म्हणून आता पालकांच्या समितीने ठराव केलाय. मी त्यांना सांगितलंय की ते काही खरं वाचन नव्हे, ती चार पाट्या ओळखते एवढंच. जूनमध्ये तिला सात पूर्ण होतील, मग प्रश्नच मिटला. तोवर चारचौघांत वाचताना कुणाला दिसली तर तिची जागा जाईल. मला थांबवता येणार नाही."

दादूकाकांना जयंती आठवली. विहारातली तरुण पोरं सगळा कार्यक्रम मोबाईलवरून लाइव्ह दाखवत. आणि 'अनवाणी'तल्या निम्म्या आया फेसबुकवर नीलमच्या मैत्रिणी होत्या. मुलांना पडद्यापासून दूर ठेवायचं तर आईबापांना सगळे पडदे स्वतःच बघावे लागतात.

त्या दिवशी परतताना गुऱ्हाळापाशी श्रुतिका थांबली, पाटीकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

"नाही," दादूकाका म्हणाले. "आता वाचायचं नाही. कुणी विचारलं तर काय सांगायचं?"

"वाचलेलं आपोआप होतं, आबा. मी करत नाही."

"मग तोंडावर हात ठेवायचा."

ती स्टेशनपर्यंत तोंडावर हात ठेवून चालली. रस्त्यात पाट्या फार होत्या.

घरी नीलमला सगळं कळलंच होतं. ती भांडायच्या तयारीने उभी होती, पण सासऱ्याचा चेहरा बघून तिने ताट वाढलं. "पप्पा, जयंतीचं काय करणार?" तिने विचारलं. दादूकाका म्हणाले, "बघू." पुढे महिनाभर ते हेच म्हणत राहिले. नानांनी जिन्यात गाठून विचारलं, "काय रे दाद्या, तयारी झकास ना नातीची?" तरी ते म्हणाले, "बघू."

जयंतीच्या सकाळी विहार खचाखच भरला होता. निळ्या पताका, मागे खिरीचं पातेलं, पुढे स्टूल आणि माईक. माईक नानांच्या हातात. एक पोरगा खांबाला टेकून मोबाईल धरून उभा. एकेक पोर स्टुलावर चढलं आणि वाचून उतरलं. नानांच्या नातवाने पाणीकपातीची बातमी अशी वाचली की लोकांना वाटलं, हाच उद्यापासून नळ बंद करणार. टाळ्या कडाडल्या.

"आणि आता," नाना माईकमध्ये म्हणाले, "ज्यांनी हा रिवाज सुरू केला त्या आपल्या दादूकाकांची नात, श्रुतिका सुयोग खरात!"

दादूकाका उठले. एकटे पुढे गेले आणि नानांच्या हातातून माईक घेतला. दोनदा खाकरले.

"श्रुतिका वाचणार नाही. तिला वाचता येत नाही."

मागच्या रांगेत कुणीतरी 'अरेरे' म्हणालं. दादूकाका उभ्या आयुष्यात खोटं कमी बोलले होते अशातला भाग नाही, पण एवढं महाग खोटं पहिल्यांदाच. त्यांनी नानांकडे बघितलं. नाना या क्षणाची वाट बघत होते हे सगळ्या वसाहतीला माहीत होतं. चल, घाल घाव, असं मनाशी म्हणून दादूकाका मान खाली घालून उभे राहिले.

नानांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं रे दादू. काही पोरांना उशिरा येतं. एवढं मनाला लावून घेऊ नको. पुढच्या वर्षी वाचेल."

"पुढच्या वर्षी सात होतील. नियम..."

"नियम गेला तेल लावत," नाना म्हणाले. माईक चालू होता, त्यामुळे सगळा विहार हसला.

नानांनी थोबाडीत मारली असती तर दादूकाकांना बरं वाटलं असतं. समोरच्या रांगेत सुलक्षणा बसली होती, आता आठ वर्षांची. गेल्या वर्षी त्यांनी हिला परत पाठवलं तेव्हा ती नवा फ्रॉक घालून आली होती, हे त्यांना आज आठवलं. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. "मग आधी सुलक्षणा वाचेल," ते म्हणाले. "तिचं राहिलंय. ये गं बाळा."

सुलक्षणा आजोबांकडे बघत बिचकत आली आणि स्टुलावर चढली. नानांनी तिच्यापुढे पेपर पसरून धरला. एवढ्यात श्रुतिकाही धावत आली आणि दादूकाकांच्या बोटाला लोंबकळत उभी राहिली.

"कांजूरमार्ग परिसरातील," सुलक्षणा वाचू लागली, "म... मल... मलनि..." ती अडली. पुन्हा पहिल्यापासून आली, पुन्हा तिथेच अडली. जोडाक्षर भलतंच होतं. नाना घामाघूम झाले. लोक माना पुढे काढून बसले. तिचे डोळे भरायला लागले.

दादूकाकांचं बोट मोकळं झालं. त्यांनी खाली बघितलं. श्रुतिका पेपरकडे बघत होती आणि तिने दोन्ही हात तोंडावर गच्च दाबून धरले होते. गाल फुगले होते, टाचा वर उचललेल्या होत्या. शब्द ओठांपर्यंत आला होता आणि ती त्याला आत ढकलत होती. किती शहाणी पोर, असं क्षणभर त्यांना वाटलं. मग तिने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. डोळे हे एवढे मोठे.

हे डोळे दादूकाकांनी गेल्या वर्षी रोज पाहिले होते. तेव्हा दार दुसऱ्या कुणी लावलं होतं. आता ते स्वतःच बाहेरून कडी घालून उभे होते, वर शहाणी म्हणून कौतुक करत. शाळा काय, दुसरी शोधता येते. मुंबईत शाळांना तोटा नाही. पोरीचा आवाज पुन्हा गेला तर तो कुठल्या बंगल्यात जाऊन शोधायचा?

ते गुडघ्यावर बसले आणि त्यांनी तिचे हात तोंडावरून स्वतः काढले. "बोल."

"पण आबा, आपलं..."

"आपलं काही नाही. बोल तू. सुलक्षणाताई अडलीये, सांग तिला."

"मलनिस्सारण!" श्रुतिका ओरडली. माईक किंचाळला. खांबाला टेकलेल्या पोराने दचकून मोबाईल तिच्याकडे वळवला. "मलनिस्सारण वाहिनीचे काम लवकरच पूर्ण होणार!"

सुलक्षणाने डोळे पुसले, खाली वाकून तिला हात दिला आणि स्टुलावर वर ओढलं. एका स्टुलावर दोघी, एकमेकींची कंबर धरून, गटाराची बातमी तालात वाचू लागल्या. तो ताल गांडुळाच्या गाण्याचा होता, हे फक्त खरातांच्या घरातल्यांना कळलं.

नानांनी पेपर धरलेला तसाच ठेवला आणि मान वळवली. "दाद्या, हिला वाचता येत नाही ना रे?"

"खोटं बोललो."

"का?"

"घरी ये चहाला. सांगतो."

पुढच्या रांगेत नीलमच्या मांडीवरचा मोबाईल थरथरू लागला. तिने पडद्यावर रुचिराताईंचं नाव बघितलं आणि दादूकाकांकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. शाळा गेली, हे दोघांनाही त्याच क्षणी कळलं, आणि दादूकाकांनी सगळ्यांदेखत सुनेपुढे हात जोडले.

नीलमने मोबाईल उलटा करून मांडीखाली सारला. "थांबलीस का?" ती स्टुलाकडे बघून ओरडली. "पुढची बातमी वाच!"